तिसरी डिस्क

"ए बबन! ओतू नको! ठेव खाली ती कळशी!"

आबा ओरडत रस्ता ओलांडून धावले, तेव्हा मी एका स्कूटरचा प्लग घासत बसले होते. आमचं गॅरेज वाईहून पसरणीचा घाट चढायला लागतो त्या तोंडाशी, आणि समोरच सार्वजनिक नळ. घाट उतरून आलेला प्रत्येक ड्रायव्हर त्या नळाशी गाडी लावायचा. स्वतः दोन घोट पाणी प्यायचा आणि उरलेली कळशी पुढच्या चाकांवर रिकामी करायचा. चाकातून चर्रर्र आवाज यायचा, वाफेचा लोट उठायचा आणि ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं, जणू दमलेल्या बैलाला पाणी दाखवलं. या एका सवयीनं आमच्या भागातल्या गाड्यांचं जेवढं वाटोळं झालं, तेवढं खड्ड्यांनीही केलं नसेल.

बबन ढेबेची पिकअप तर आणखी वेगळी. पठारावरच्या धनगरवाड्यात राहायचा तो. वस्तीची वाट म्हणजे नुसते धोंडे आणि दोन ओढे. म्हणून त्यानं पुण्याला जाऊन गाडी चार बोटं नव्हे, चांगली वीतभर उचलून घेतली होती. खाली जाडजूड टायर. गाडीत चढताना म्हाताऱ्या माणसाला खालून कुणीतरी रेटावं लागायचं. वाडीचं दूध, वाडीचे आजारी, वाडीची पोरं, सगळं त्या एका गाडीतून घाट उतरायचं.

आबा पोहोचले तोवर कळशी कलंडायला लागली होती. त्यांनी मधे हात घातला आणि त्यांची बोटं रिमच्या भोकातून थेट ब्रेकच्या तापलेल्या डिस्कला टेकली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. पाणी वाचलं, डिस्क वाचली आणि बोटं भाजली. आबांनी स्वतःचा हात नुसता झटकला. उलट बबनवरच डाफरले.

"रोज ओततोस?"

"तर! कळशीभर," बबन छाती पुढे काढून म्हणाला. "गाडीला आंगुळ घातल्याबिगर मी च्या पन पीत न्हाई, मिस्त्री."

"म्हणूनच वाकल्यात तुझ्या डिस्का. लाल झालेल्या तव्यावर पाणी मारतोस, तर तवा सरळ राहील का? पायडल थरथरतंय का न्हाई?"

बबनचा चेहरा उतरला. "थरथरतंय. आन् उताराला दाबलं तर नुसतं खाली जातंय. कापसावर पाय दिल्यागत. त्याच्यासाठीच आलोय. रविवारी सगुणाचं लगीन हाय. समदी वस्ती ह्याच गाडीनं खाली आणायची."

सगुणा म्हणजे त्याची धाकटी बहीण. आई-बाप लवकर गेले, बबननंच तिला वाढवलं. वाडीतून वाजतगाजत वऱ्हाड खाली वाईत आणायचं, हा त्याचा हट्ट होता.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. सात वर्षांपूर्वी साताऱ्याहून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आले होते आणि तेव्हापासून आबांच्या हाताखाली गॅरेजमध्ये काम करत होते. इंजिन खोल, क्लच बदल, वायरिंग कर, आबा सगळं करू द्यायचे. फक्त ब्रेक नाही. "ब्रेक सोडून काय पण कर, रोहिणी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इंजिन बंद पडलं तर माणूस रस्त्यात बसून शिव्या देतो, ब्रेक बंद पडला तर शिव्या द्यायला माणूसच उरत नाही, असं ते म्हणायचे. मला त्याचा मनस्वी राग यायचा. आमचे आबा म्हणजे ज्ञानू मिस्त्री, घाटाखालचा एक नंबरचा ब्रेकवाला, आणि त्याच्या पोरीनं स्कूटरचे प्लग घासायचे!

त्या दिवशी मात्र मी मागं हटले नाही. बोटांना ओला फडका गुंडाळून आबा बाकावर बसले आणि बबननं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. पुण्याच्या कुठल्याशा दुकानातला रंगीत कागद. त्यावर लाल रंगाची, भोकाभोकांची चकचकीत डिस्क.

"ही टाकायची," तो म्हणाला. "भोकातनं वारं जातंय म्हनं. थंड राहती."

"आणि तुझ्या वाटेवरचा चिखल कुठं जातो?" मी विचारलं. "दोन ओढे ओलांडतोस. त्या भोकांत गाळ बसणार, बारीक खडे अडकणार. आठवड्यात डिस्क आवळणाऱ्या पॅडवर नांगरट होईल. शर्यतीच्या गाडीला ठीक आहे. तुला साधी, सपाट, जाड डिस्क पाहिजे. मधून पोकळ असते ती. वारं आतून खेळतं."

बबननं माझ्याकडं न बघता आबांकडं बघितलं. बायकांनी भाजी निवडावी, डिस्क नाही, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

आबा माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. हल्ली ते असंच बघायचे. मला वाटायचं, माझ्या बोलण्यात चूक शोधतात. ते सावकाश म्हणाले, "बरोबर बोलती ती."

मला एवढं बळ पुरेसं होतं. मी गाडीखाली शिरले आणि तिथूनच पाढा वाचला. "टायर मोठे केलेस, चाक जड झालं. जड चाक थांबवायला ब्रेकला दुप्पट कष्ट. नरम पॅड चालणार नाहीत, घाटात तापले की गुळगुळीत होतात. तुझे आत्ताच काचेसारखे झालेत. लोखंडाची भुकटी घातलेले कडक पॅड घे. सकाळी थंड असताना थोडे किरकिरतील, पण उताराला दगा देणार नाहीत. आणि हे बघ, गाडी उचललीस पण ब्रेकचा पाइप जुनाच ठेवलास. चाक खड्ड्यात लोंबलं की पाइप ताणतोय. लांब पाइप टाकावे लागतील."

"लग्नात गाडी किरकिरत न्यायची?"

"वाजंत्री कमी पडली तर उपयोगी पडेल."

बबन हसला. ताणलेला पाइप मी त्याला खाली वाकवून दाखवला, तेव्हा त्याचं हसू गेलं. कागदाची घडी त्यानं पुन्हा खिशात घातली, पण लाल डिस्क काही त्याच्या मनातून गेली नव्हती. शनिवारपर्यंत दूध दुसऱ्याच्या गाडीनं पाठवायचं आणि पिकअप इथंच सोडायची, असं ठरलं.

आबांनी पुण्याला फोन लावायला मला सांगितलं. "तीन डिस्का सांग."

आबांची ही जुनी पद्धत. लागतात दोन, मागवायच्या तीन. तिन्ही वाजवून बघायच्या आणि दोन निवडायच्या, तिसरी परत. बिडाची वस्तू प्रवासात आपटली की तिला केसासारखी चीर जाते. डोळ्याला दिसत नाही, घाटात तापली की तिथूनच फुटते, पण वाजवली की कळते. आबा डिस्क मधल्या भोकातून अंगठा आणि दोन बोटांवर लटकवायचे आणि पान्ह्यानं कडेला एक टोला द्यायचे. चांगली डिस्क देवळातल्या घंटेसारखी लांबवर गात राहायची. चिरलेली बद्द करून गप्प व्हायची. लोक म्हणायचे, ज्ञानू मिस्त्रीचा कान म्हणजे काटा आहे. पसंत पडलेल्या डिस्कवर ते खडूनं एक गोल काढायचे आणि मधे टिंब. ती त्यांची सही.

दुसरी पद्धत पहिल्या उताराची. ब्रेकचं काम केलं की ती गाडी घाटमाथ्यावर न्यायची आणि उतरताना मिस्त्रीनं स्वतः ड्रायव्हरशेजारी बसायचं. पूर्वी आबा कधीमधी टाळायचे, ओळखीचा ड्रायव्हर असला तर एकट्याला पाठवायचे. पण गेली दोन वर्षं त्यांनी एक उतार चुकवला नव्हता. एकदा तर अंगात ताप फणफणत असताना कानटोपी घालून एका टेम्पोत जाऊन बसले. आई दारात उभी राहून चिडली होती. मीही म्हणाले होते, "आबा, हा नुसता तोरा आहे तुमचा." 

शनिवारी सकाळी एसटीच्या टपावरून पार्सल आलं. हमालानं वरून खाली कसं टाकलं ते मी पाहिलं आणि तिथंच दोऱ्या सोडायला बसले. पाइप आणि पॅड व्यवस्थित होते. तीन डिस्क कागदात गुंडाळलेल्या, तेलकट, निळसर.

बबन आला होता. हातात सगुणाच्या बांगड्यांचा पुडा होता, तो त्यानं ब्रेकपेक्षा जास्त जपून कपाटावर ठेवला. "वाजवा मिस्त्री," तो कौतुकानं म्हणाला. "तुमचा कान आयकायलाच थांबलोय."

आबांच्या तिन्ही बोटांवर चिंध्यांच्या जाड पट्ट्या होत्या. त्यांनी पहिली डिस्क लटकवली, टोला दिला. ती गायली. डोळे मिटून आबा थांबले, मान हलवली, खडूनं गोल काढला.

दुसरी. टोला. बद्द.

मी मान वर केली. आबांनी पुन्हा टोला दिला. पुन्हा बद्द, फुटक्या मडक्यासारखं. चिरलेली होती, शंकाच नव्हती. आता आबा ती बाजूला ठेवणार म्हणून मी हात पुढे केला.

आबांनी डोळे मिटले. मान हलवली. खडूनं गोल काढला, मधे टिंब दिलं.

"झाल्या दोन," ते म्हणाले. तिसरी त्यांनी वाजवलीसुद्धा नाही. "मी जुन्या डिस्का सोडवतो. पाइप कुठाय?" आणि ते गाडीकडं गेले.

पहिली डिस्क गायली तसा बबन खूश होऊन नळावर तोंड धुवायला गेला होता. मी गॅरेजच्या मधोमध उभी होते. आबा पाठमोरे, माझ्यापासून पाच पावलांवर. टेबलावर टायरचा नट सोडवायचा मोठा पान्हा होता. मी तो उचलला आणि फरशीवर सोडून दिला.

असा खणखणाट झाला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. रस्त्यापलीकडून बबन ओरडला, "काय पडलं वो?"

आबा हलले नाहीत. पाइपचा नट शांतपणे सोडवत राहिले.

मग मला सगळं एकदम उमगलं. त्यांचा चढलेला आवाज. टीव्हीसमोर नुसतं बसणं. भजनाला जायचं बंद केलं आणि गुडघ्यांचं कारण दिलं. माझ्या तोंडाकडं लागलेली ती नजर. चुका नव्हते शोधत, ओठ वाचत होते माझे. आणि मी त्यांची पोर, एका घरात राहून, दोन वेळा समोरासमोर जेवून, मला काही म्हणता काही कळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

पण लाजेला वेळ नव्हता. त्या डिस्कवर उद्या सगुणा बसणार होती, नवरीच्या साडीत, आणि अख्खी वाडी. बोलावं तर बबन आता येईल. ज्या कानाचं त्याला एवढं कौतुक, तो कान गेला हे मी त्याच्यादेखत सांगायचं? संध्याकाळपर्यंत सगळ्या घाटात झालं असतं. आणि न बोलावं तर?

मी तिसरी डिस्क उचलली, टेबलाखाली वाकले आणि बोटानं हळूच टिचकी मारली. बारीक पण लांब गाणं निघालं. चांगली होती. मी चिरलेल्या डिस्कवरचा खडू अंगठ्यानं पुसला. खडूचा तुकडा घेतला आणि तिसरीवर गोल काढला, मधे टिंब दिलं. घाईत गोलाची दोन टोकं जुळली नाहीत. चिरलेली डिस्क मी पोत्याखाली सारली. सात वर्षं मला ब्रेक हातात पाहिजे होता. असा नको होता.

आबा आले. पहिली डिस्क उचलली. मग दुसरी उचलली आणि थांबले. खडूच्या गोलाकडं बघत राहिले. मी डावखुरी आहे. माझा गोल उलट्या बाजूनं सुरू होतो, लहानपणी शून्य काढताना त्यांनीच किती वेळा हटकलं होतं. ते बघत राहिले आणि मी पॅडचा खोका उगाचच उघडत-मिटत राहिले.

"पॅड आण," ते एवढंच म्हणाले.

दुपारी दोनपर्यंत काम झालं. पाइपात तेल भरलं, हवा काढली, सपाट रस्त्यावर बबनला दहा-बारा वेळा हळूहळू दाबून पॅड बसवून घ्यायला सांगितलं. मग तिघं घाट चढलो.  वाटेत बबन सगुणाच्या मांडवाबद्दल अखंड बोलत होता.

माथ्यावर गाडी वळवली. आबांनी दार उघडलं, खाली उतरले आणि मागच्या हौद्यात चढायला लागले.

"आबा, कुठं निघालात? पहिला उतार आहे," मी ओरडले. आणि ओरडले ते ओठ नीट हलवून.

ते थांबले. बबन चाकं बघायला पलीकडून फिरत होता. आबा जवळ आले आणि, कित्येक दिवसांत बोलले नव्हते इतक्या हळू आवाजात म्हणाले, "डिस्क निवडली कुणी?"

मी पुढच्या चाकाकडं बघितलं.

"ज्यानं निवडली त्यानं पुढं बसायचं. बस."

मी पुढं बसले. तो घाट मी हजार वेळा उतरले असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. प्रत्येक वळणाला मी बबनच्या पायाकडं बघत होते. पायडल दाबलं जाई, गाडी नाक खाली करून शहाण्यासारखी थांबे, पुन्हा सुटे. थरथर नाही. मधल्या देवळाच्या वळणावर समोरून ट्रक आला, बबननं कचकन दाबलं आणि ती उंच गाडी जागच्या जागी खिळली. बबननं माझ्याकडं बघितलं. तोवर त्यानं माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

"पक्कं काम हाय, ताई," तो म्हणाला. सकाळपर्यंत मी नुसती 'ए पोरी' होते.

मागच्या काचेतून मी वळून पाहिलं. आबा हौद्यात बसले होते, भाजला हात वर धरून, दुसरा हात गाडीच्या पत्र्यावर पसरून. गाडी कशी उतरते ते तळहातानं ऐकत होते.

खाली आल्यावर बबन सवयीनं कळशी घेऊन नळाकडं निघाला, तीन पावलं गेला, जीभ चावली आणि ते पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं. बांगड्यांचा पुडा घेऊन, दहा वेळा "उद्या यायचंच" म्हणून तो गेला.

आबा बाकावर बसले. मी त्यांच्यासमोर, ओठ दिसतील अशी बसले.

"कवा कळलं तुला?"

"आज. सकाळी."

"मला दोन वरसं झाली." ते पट्टीची गाठ चाचपत होते. "आवाज गेला तरी बोटाला कळायचं. चांगली असली की बोटात मुंग्या येत्यात, लांबवर. चिरलेली असली की लगीच मरती. आज बोटंच न्हाईत. वाटलं, चालून जाईल. सांगायला पाहिजे होतं. जीभ उचलली न्हाई, रोहिणी."

"आणि बोटांनी चूक केली असती तर? या दोन वर्षांत?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "म्हणून तर बसत होतो. कान गेला तवापासनं एक उतार चुकवला न्हाई. म्हटलं, काय व्हायचं ते मी गाडीत असताना व्हावं. माघारी घरी बसून आयकायला नगं."

ताप अंगात घेऊन, कानटोपी घालून टेम्पोत बसलेला माणूस मला दिसला. त्याला मी तोरा म्हणाले होते. मी त्यांचा भाजलेला हात हातात घेतला आणि त्या बाकावर बसून लहान मुलीसारखी रडले. आबा दुसऱ्या हातानं माझी पाठ थोपटत राहिले. मला वाटतं, माझं रडणंसुद्धा त्यांना पाठीच्या हादऱ्यांनीच कळलं असेल.

रविवारी सगुणाचं वऱ्हाड खाली उतरलं. गाडी किरकिरत आली, वाजंत्री जोरात होती, कुणाला ऐकू आलं नाही. मी आणि आबा रस्त्याच्या कडेला उभे होतो. बबननं नवरीला उतरवायच्या आधी गाडी आमच्यापुढं थांबवली. 

सोमवारी सकाळी मी उठून आले तर आबांनी ती चिरलेली डिस्क पोत्याखालून काढून गॅरेजच्या दारात साखळीनं टांगली होती. शेजारी एक जुना पान्हा. येईल त्या गिऱ्हाइकाला ते स्वतः सांगायचे, मोठ्यानं, हसत: "मला ऐकू येत न्हाई बाबा. आलास की ही वाजव. आन् ब्रेकचं काम असलं तर पोरीला विचार." जे मला लपवायचं होतं ते त्यांनी दारावरच लावून टाकलं. लोक आधी चपापले, मग सवयीनं वाजवायला लागले. बद्द. घाटाखालचं सगळ्यात बेसूर दार आमचं.

त्यानंतर अकरा वर्षं आबा त्या डिस्कखालीच खुर्ची टाकून बसायचे, एक तळहात तिच्यावर ठेवून. कुणी टोला दिला की मला हाक मारायचे, "रोहिणी, आलं बघ कोन तरी."

बबन अजून येतो. टायर बदलले, रंग बदलला, पॅड तर किती वेळा बदलले. मी अजून तीन डिस्क मागवते आणि दोन निवडते. पसंत पडली की खडूनं गोल काढते, डाव्या हातानं, उलट्या बाजूनं. आणि मग डोळे मिटून ती थोडा वेळ नुसत्या बोटांवर धरून ठेवते, मुंग्या थांबेपर्यंत.